ईसीजीवरची लय पुन्हा पुन्हा चुकीची ओळखली जाते? आधी पी लहर शोधा, नाव नंतर

समस्या नेमकी काय

ईसीजीच्या कागदावर माथ्यालाच यंत्राने 'एट्रियल फिब्रिलेशन' (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल फडफड) छापलेलं असतं. खालच्या पट्टीत ठोके मागेपुढे पडलेले दिसतात. वाचणारा तेच नाव केसपेपरवर उतरवतो, रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू होतं. मग केव्हातरी कोणी तीच पट्टी निवांत पाहतं आणि क्यूआरएसच्या (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची लहर) आधी नीट, एकसारखी पी लहर (वरच्या कप्प्यांची लहर) सापडते. मधूनमधून वरच्या कप्प्यातून निघालेले अवेळी ठोके तेवढे होते. उलटा प्रकारही नेहमीचा आहे. मिनिटाला बरोबर १५० ठोक्यांची लय 'साइनस टॅकीकार्डिया', म्हणजे नेहमीच्याच लयीचा वाढलेला वेग, ठरते, ताप आणि पाण्याची कमतरता शोधण्यात वेळ जातो, आणि ती निघते एट्रियल फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यांची अतिवेगवान पण एकसाची लय. रुग्ण बसून बोलतोय म्हणून रुंद क्यूआरएसची वेगवान लय 'एसव्हीटीच (वरून निघालेली वेगवान लय) असणार' असं धरलं जातं. हाताला कंप असलेल्या माणसाच्या पट्टीवरून अख्खा वॉर्ड धावतो.

या चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, असं माझं ठाम मत आहे. क्यूआरएस उंच, टोकदार, ठळक. डोळा तिथेच खिळतो. लय मात्र पी लहर आणि क्यूआरएस यांच्या नात्यावरून ठरते, आणि पी लहर बुटकी, पुसट, कित्येकदा टी लहरीच्या (क्यूआरएसनंतरची लहर) पोटात दडलेली असते. ती न शोधताच नाव ठरलं की पुढचं सगळं वाचन त्या नावाची बाजू घेण्यात जातं. म्हणून खालचा मजकूर एकाच प्रश्नाभोवती फिरतो: पी कुठे आहे, आणि तिचं क्यूआरएसशी जमतंय का?

हे सगळं स्थिर रुग्णासाठी आहे. माणूस बेशुद्ध होत असेल, रक्तदाब कोसळला असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागला असेल, तर पट्टीचा अभ्यास करत बसायचं नाही. वरिष्ठांना आणि शॉकच्या यंत्राला एकदमच बोलवायचं. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात.

आधी कागद आणि जोडणी

नेहमीचा वेग सेकंदाला २५ मिमी असतो. मग छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा, आणि १० मिमी उंची म्हणजे १ मिलिव्होल्ट. हे आकडे कागदाच्या कडेला छापलेले असतात, पण ते वाचणारे थोडे. कोणी वेग ५० वर ठेवला असेल तर सगळं दुप्पट पसरतं: लय निम्म्याने संथ वाटते, क्यूआरएस रुंद वाटतो, पीआर (पीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर) लांबल्यासारखा दिसतो, आणि निरोगी माणसाच्या पट्टीत तीन आजार सापडतात.

गती मोजताना लय नियमित असेल तर ३०० ला दोन आर लहरींमधल्या (आर म्हणजे क्यूआरएसचा उंच सुळका) मोठ्या चौकोनांच्या संख्येने भागा. अनियमित असेल तर हे सूत्र फसवतं. नेहमीच्या १२ लीडच्या (लीड म्हणजे हृदयाकडे पाहण्याची एक दिशा) कागदावरची खालची लांब पट्टी १० सेकंदांची असते. त्यातले क्यूआरएस मोजा आणि सहाने गुणा. त्याच वेळी मनगटावर बोट ठेवा. मॉनिटर उंच टी लहरीलाही ठोका समजून मोजतो तेव्हा पडद्यावर १४० आणि नाडीला ७० लागतात. अशा वेळी मॉनिटरवरचं लीड बदललं तरी पुरतं.

दोन हातांच्या तारांची अदलाबदल हा दुसरा हमखास गोंधळ. लीड १ मध्ये पी, क्यूआरएस, टी सगळंच उलटं दिसतं, एव्हीआर (उजव्या हाताकडून पाहणारं लीड) मात्र सरळ दिसू लागतं. पी उलटी म्हणून यंत्र 'एक्टोपिक एट्रियल लय' (वरच्या कप्प्यात भलत्याच जागेहून निघालेली लय) छापून मोकळं होतं. छातीवरच्या लीडकडे पाहा. व्ही१ पासून व्ही६ कडे जाताना आर लहर नेहमीसारखी वाढत असेल तर हृदय जागच्या जागी आहे, तारा चुकल्या आहेत. हृदय खरोखर उजवीकडे असतं तेव्हा व्ही६ पर्यंत आर लहर बुटकीच राहते.

फिल्टरचंही बघून घ्या. कागद स्वच्छ दिसावा म्हणून ४० हर्ट्झचा फिल्टर लावून ठेवायची सवय सगळीकडे असते. त्याने स्नायूंचा खडखडाट कमी होतो हे खरं, पण पेसमेकरच्या बारीक रेघा आणि लहरींवरच्या छोट्या खाचाही पुसट होतात. निदानासाठीची पट्टी १५० हर्ट्झपर्यंत उघडी ठेवून काढावी. खडखडाट असेल तर रुग्णाला पांघरूण द्या, हात अंगाजवळ सैल ठेवायला सांगा, इलेक्ट्रोडखालची त्वचा पुसून घ्या.

थरथर की लय?

पार्किन्सनच्या आजारातला कंप साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. फ्लटरमधला अलिंदांचा (वरच्या कप्प्यांचा) वेग ३०० च्या आसपास असतो. आकडे असे एकमेकांवर चढतात, तेव्हा नुसता वेग पाहून निवाडा होणार नाही.

इथे हातापायांच्या लीडची रचना मदतीला येते. लीड १ दोन हातांमधलं, लीड २ उजवा हात आणि डावा पाय यांच्यातलं, लीड ३ डावा हात आणि डावा पाय यांच्यातलं. थरथर उजव्या हाताची असेल तर १ आणि २ बिघडतात, ३ स्वच्छ राहतं. डाव्या हाताची असेल तर २ स्वच्छ. डाव्या पायाची असेल तर १ स्वच्छ. हृदयातून आलेली खरी लय एखाद्या लीडमध्ये पुसट दिसू शकते, पण एका लीडमध्ये नीट पी-क्यूआरएस-टी आणि शेजारच्यात जोरदार फ्लटर, असं होत नाही. ते स्वच्छ लीड सापडलं की प्रश्न मिटला.

थरथर व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डियासारखी (व्हीटी, खालच्या कप्प्यांतून निघालेली वेगवान लय) भासते तेव्हा प्रकरण जास्त नाजूक असतं, कारण उपचार तातडीचे असतात. दात घासणं, अंग खाजवणं, फिजिओथेरपीत पाठीवर थापट्या मारणं या सगळ्यांनी मॉनिटरवर भयंकर दिसणारी लय उमटते. वादळ सुरू होण्याच्या आधीचं आरआर अंतर मोजा आणि तेच अंतर वादळातून पुढे टाकत चला. त्या त्या जागी बारीक टोकदार खाचा सापडत गेल्या तर तेच खरे क्यूआरएस. ते अखंड चालूच होते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची लाट त्या वेळी संथ, एकसारखी चाललेली असेल तर आणखी एक पुरावा.

पी शोधायची कुठे

साइनस लयीत, म्हणजे हृदयाच्या नेहमीच्या केंद्रातून येणाऱ्या लयीत, पी लीड २ मध्ये सरळ आणि एव्हीआरमध्ये उलटी असते. एवढ्यावर मात्र थांबू नका. खालच्या लांब पट्टीसाठी बहुधा लीड २ निवडलेलं असतं म्हणून सगळे तिथेच पाहतात, पण अलिंदांची हालचाल व्ही१ मध्ये पुष्कळदा जास्त स्पष्ट दिसते. दोन्ही लीड पाहिल्याशिवाय 'पी नाही' असं लिहू नये.

पी दिसली नाही तर सगळ्या टी लहरी एकमेकींशी ताडून पाहा. एखादी टी इतरांपेक्षा टोकदार, फुगीर किंवा खाच पडलेली असेल तर तिच्यात पी लपलेली असण्याची शक्यता मोठी. जुना ईसीजी असेल तर तो शेजारी ठेवा. या रुग्णाची टी एरवी कशी असते ते त्यातून कळतं. कॅलिपर (अंतर मोजायचं दोन टोकांचं साधन) नसला तरी अडत नाही. कोऱ्या कागदाची कड पट्टीला लावून दोन पी लहरींच्या जागी टिंबं करा आणि कागद पुढे सरकवत जा. टिंब जिथे पडेल तिथे पी हवी. दिसत नसेल तर ती क्यूआरएसमध्ये किंवा टी मध्ये गाडली गेली आहे का ते पाहा.

पी लहर दोन क्यूआरएसच्या अगदी मध्यावर दिसत असेल तर आणखी एक पी क्यूआरएसच्या आत लपली आहे असं आधी गृहीत धरा आणि मग ते खोडून काढा. ही जुनी शिकवण आहे आणि १५० च्या लयीत तिने अनेकांना वाचवलं आहे.

तरीही जमलं नाही तर लुईस लीड काढा. उजव्या हाताचा इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, डाव्या हाताचा त्या हाडाच्या उजव्या कडेला पाचव्या फासळीच्या खालच्या जागेत, डाव्या पायाचा उजव्या बाजूच्या खालच्या फासळ्यांवर लावायचा आणि लीड १ वाचायचं. दोन मिनिटांचं काम आहे. अलिंदांच्या लहरी ठळक होतात आणि क्यूआरएसचा दबदबा कमी होतो. हे तंत्र इतकं कमी वापरलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. कागदावर मात्र 'लुईस लीड' असं ठळक लिहा, नाहीतर पुढचा वाचणारा वेगळ्याच निदानाकडे जाईल.

अनियमित लय : सगळंच फिब्रिलेशन नसतं

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये दोन गोष्टी एकत्र हव्यात: पी लहर कुठेच नाही, आणि आरआर अंतरात कसलाच आकृतिबंध नाही. अलिंद मिनिटाला ३५० ते ६०० वेळा फडफडत असतात आणि एव्ही नोडमधून (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं दार) त्यातले काही आवेग (विद्युत संदेश) कसेही खाली उतरतात. व्ही१ मध्ये ही फडफड कधीकधी इतकी ठसठशीत दिसते की फ्लटर वाटावं. फरक असा की फ्लटरच्या लाटा एका साच्याच्या असतात आणि फिब्रिलेशनच्या दर क्षणाला बदलतात. फक्त अनियमितपणावरून निदान करायचं नाही. एकाच लीडची नोंद असेल, घड्याळातून किंवा हातातल्या छोट्या यंत्रातून घेतलेली, तर निदानासाठी किमान ३० सेकंदांची स्पष्ट नोंद हवी, आणि ती डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेली हवी.

फिब्रिलेशन समजून ज्या लयी वारंवार फसवतात त्यात पहिला नंबर अवेळी अलिंद ठोक्यांचा. तळाची लय नियमित असते. मध्येच एक पी लवकर येते, तिचा आकार वेगळा असतो, आणि तिच्यामागे अरुंद क्यूआरएस. असे ठोके भरपूर असले की पट्टी विस्कटलेली दिसते. सलग दोनतीन नेहमीचे ठोके शोधा. त्यांच्यातलं अंतर सारखं आणि पी एकसारखी असेल तर फिब्रिलेशन बाद. तरुणांमध्ये श्वासाबरोबर लय बदलते, आत घेताना वेग वाढतो आणि सोडताना कमी होतो. पी आणि पीआर मात्र कायम राहतात. ही साइनस अ‍ॅरिथमिया, आजार नव्हे. याउलट फुप्फुसांच्या जुनाट आजारात वेग १०० च्या वर, प्रत्येक क्यूआरएसआधी पी आहे, पण तिचे तीन किंवा अधिक आकार आहेत, असं दिसलं तर ती मल्टिफोकल एट्रियल टॅकीकार्डिया. इथे शॉक देऊन काही साधत नाही. फुप्फुसांकडे, पोटॅशियमकडे आणि मॅग्नेशियमकडे लक्ष द्यावं लागतं. चुकीच्या नावाची किंमत इथे सरळ दिसते.

आणि मग वेंकेबाख, एव्ही नोडमधल्या अडथळ्याचा एक प्रकार. पीआर दर ठोक्याला लांबत जातो, शेवटी एक पी एकटीच राहते, तिच्यामागे क्यूआरएस येत नाही, आणि पुन्हा नव्याने सुरुवात होते. दुरून पाहिलं तर ठोके गटागटाने पडलेले दिसतात, आणि हा गटच ओळखीची खूण आहे. कारेल वेंकेबाख यांनी हा प्रकार १८९९ मध्ये नाडीच्या आलेखावरून उलगडला. विलेम आइंटहोव्हेन यांच्या स्ट्रिंग गॅल्व्हॅनोमीटरने काढलेले ईसीजी त्यानंतर आले. म्हणजे पी लहर समोर नसताना केवळ अंतरांवरून त्यांनी अंदाज बांधला. आपल्याजवळ तर पी कागदावर छापलेली असते. गट दिसले की खंडाच्या आधीचा शेवटचा पीआर आणि खंडानंतरचा पहिला पीआर ताडून पाहा; नंतरचा आखूड असेल तर वेंकेबाख. मधले पीआर दर वेळी नेटकेपणाने वाढतीलच असं नाही, म्हणून ही दोन टोकं बघणं जास्त भरवशाचं.

अरुंद, नियमित, वेगवान

गती १५० च्या जवळ आणि ढळत नाही, असं असेल तर फ्लटर मनात आलाच पाहिजे. अलिंद ३०० ने, एव्ही नोड एकाआड एक आवेग अडवतो, खाली १५०. एक फ्लटर लाट क्यूआरएसमध्ये आणि दुसरी टी च्या जागी बसते, त्यामुळे फ्लटरच्या ओळखीचे करवतीसारखे दाते दिसतच नाहीत. लीड २, ३ आणि एव्हीएफ (पायाकडून पाहणारं लीड) पाहा: तळरेषा सपाट अशी कुठेच नसेल, सतत चढउतार असेल, तर संशय पक्का करा. अँटिअ‍ॅरिथमिक (लय ताब्यात ठेवणारी) औषधं चालू असतील तर अलिंदांचा वेग मंदावतो आणि १५० ऐवजी १२० किंवा ११० सुद्धा दिसू शकतात, हेही लक्षात असू द्या.

साइनस टॅकीकार्डिया कधीच अशी खिळलेली नसते. ताप उतरला, सलाइन गेलं, वेदना कमी झाली की ती हळूहळू ११८, ११२ अशी खाली येते; बोलल्यावर, कुशीवर वळल्यावर पुन्हा वाढते. २२० मधून वय वजा केलं की त्या वयाची साइनसची कमाल गती साधारण कळते. ८० वर्षांच्या, पलंगावर शांत पडलेल्या माणसाची गती तासभर १५० वरच असेल तर साइनस म्हणण्याआधी दहादा विचार करावा.

एव्ही नोडमध्येच आवेग फिरत राहतो त्या प्रकारात, म्हणजे एव्हीएनआरटीमध्ये, अलिंद आणि निलय (खालचे कप्पे) जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. पी क्यूआरएसच्या शेपटीला चिकटते. व्ही१ मध्ये क्यूआरएसच्या शेवटी एक छोटा उंचवटा आणि लीड २ मध्ये छोटी खालची खाच दिसते. लय थांबल्यावरच्या ईसीजीत तो उंचवटा आणि ती खाच नसतील तर निदान जुळलं. म्हणूनच लय मोडण्याच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही पूर्ण ईसीजी हवेत.

लय उघडी पाडायची तर एव्ही नोडला क्षणभर अडवावं लागतं. सुधारित वल्साल्वा पद्धतीत अर्धवट बसलेल्या रुग्णाला १५ सेकंद जोर लावून फुंकायला सांगतात, मग लगेच आडवं करून पाय ४५ अंशांपर्यंत उचलून १५ सेकंद धरतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची एसव्हीटी थांबली, जुन्या पद्धतीने १७ टक्के. त्याने जमलं नाही तर अ‍ॅडेनोसिन. हे औषध नोडला क्षणभर अडवतं. त्याचा अर्धायुकाल (निम्मं औषध ओसरायचा वेळ) १० सेकंदांपेक्षा कमी, म्हणून मोठ्या शिरेतून झटक्यात देऊन लगेच सलाइनने ढकलावं लागतं. दम्याच्या रुग्णात ते टाळावं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट अशी: औषध जातं आणि कागद चालूच नसतो. नोड अडला त्या चारपाच सेकंदांत फ्लटरचे दाते स्वच्छ उघडे पडतात, मॉनिटरवर सगळे बघतात, आणि नंतर कोणाचंच एकमत होत नाही. इंजेक्शन टोचण्याआधी सलग पट्टी सुरू करा आणि लय परत येईपर्यंत थांबवू नका. लय मोडली नाही तरी ती पट्टी निदान देऊन जाते.

रुंद आणि वेगवान : इथे चूक परवडत नाही

क्यूआरएस १२० मिलिसेकंदांहून, म्हणजे तीन छोट्या चौकोनांहून रुंद, गती वेगवान, लय नियमित. ही व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया आहे असं धरूनच सुरुवात करा. अशा पट्ट्यांपैकी सुमारे ८० टक्के व्हीटीच निघतात, आणि पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल तर हे प्रमाण त्याहून वर जातं. रुग्णाचा रक्तदाब चांगला आहे, तो शुद्धीवर आहे, यावरून व्हीटी नाकारता येत नाही. ही समजूत फार खोलवर रुजली आहे आणि तिच्यामुळे नुकसान होतं: एसव्हीटी समजून व्हेरापामिल (एव्ही नोड अडवणारं औषध) दिलं आणि लय व्हीटी असेल तर रक्तदाब कोसळू शकतो. व्हीटी समजून उपचार केले आणि निघाली एसव्हीटी, तर सहसा बिघडत काही नाही.

पुरावा शोधायचा तो पुन्हा पी लहरीतच. रुंद ठोक्यांमधून पी स्वतःच्या वेगाने, क्यूआरएसला न जुमानता चालली असेल तर अलिंद आणि निलय यांची फारकत झाली आहे, आणि व्हीटी जवळजवळ सिद्ध. कागदाच्या कडेवरची टिंबं इथे सोन्याच्या मोलाची. त्याच फारकतीची आणखी दोन चिन्हं असतात: रुंद ठोक्यांच्या रांगेत मध्येच एक अरुंद, नेहमीचा ठोका, कारण एक पी योग्य वेळी खाली पोचली, किंवा नेहमीचा आणि रुंद यांच्या अधलामधला आकार, कारण दोन्ही आवेग वाटेत भेटले. एक सापडला तरी पुरे. सापडला नाही म्हणून मात्र व्हीटी बाद होत नाही. पुष्कळ व्हीटींमध्ये ही चिन्हं दिसतच नाहीत.

मग आकार पाहा. पेद्रो ब्रुगाडा आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेली पायऱ्यापायऱ्यांची पद्धत अजून कामाची आहे: छातीवरच्या सहापैकी एकाही लीडमध्ये आरएस (आधी वर आर, मग खाली एस) असा आकार नसेल तर व्हीटी, असेल, आणि आर सुरू झाल्यापासून एसच्या तळापर्यंत कुठल्याही लीडमध्ये १०० मिलिसेकंदांहून जास्त लागत असतील तरी व्हीटी, त्यापुढे फारकत, आणि शेवटी व्ही१, व्ही२ आणि व्ही६ मधले आकार. एव्हीआरमध्ये सुरुवातीलाच मोठी सरळ आर लहर असणं, लीड १ आणि एव्हीएफ दोन्ही खाली असणं, हे व्हीटीच्या बाजूचे कौल. जुन्या ईसीजीत अगदी असाच बंडल ब्रँच ब्लॉक (आवेग खाली नेणाऱ्या वाटेच्या एका फांदीतला अडथळा) असेल तर पारडं एसव्हीटीकडे झुकतं. घाईच्या वेळी सगळे निकष पाठ आठवतीलच असं नाही, आणि नाही आठवले तरी शंकेचा फायदा व्हीटीला द्यायचा.

रुंद, अतिवेगवान आणि अनियमित, शिवाय क्यूआरएसचा आकार ठोक्यागणिक बदलतोय, काही आरआर अंतरं २५० मिलिसेकंदांहूनही कमी, असं चित्र असेल तर वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट (वरून खाली जाणारी जादा विद्युत वाट) असलेल्या माणसातलं फिब्रिलेशन हे डोक्यात आलं पाहिजे. आवेग जादा वाटेने थेट खाली उतरत असतात. एव्ही नोड अडवणारी औषधं, म्हणजे अ‍ॅडेनोसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, बीटा ब्लॉकर, डिगॉक्सिन, इथे देऊ नयेत. लय व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये जाऊ शकते.

रुंद पण फार वेगवान नाही, गती १२० च्या आत, क्यूआरएस अवाढव्य, पी दिसत नाही: हा वेगळाच कप्पा आहे. मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, डायलिसिस चुकलं असेल, तर पोटॅशियम वाढलेलं असण्याची दाट शक्यता. टी टोकदार होते, पी सपाट होऊन नाहीशी होते, क्यूआरएस पसरत जातो आणि शेवटी सगळी मिळून एकच लाट उरते. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबून राहू नये. वरिष्ठांना दाखवून कॅल्शियम देण्याचा निर्णय लगेच घ्यावा. नैराश्यावरच्या काही जुन्या औषधांचा जादा डोसही क्यूआरएस असाच रुंदावतो.

पेसमेकर असलेल्या रुग्णाची गफलत इथेच होते. खालच्या कप्प्यातून पेसिंग होतं तेव्हा क्यूआरएस रुंदच असतो, आणि आजच्या पेसमेकरच्या रेघा इतक्या बारीक असतात की फिल्टरमध्ये गायब होतात. गळपट्टीच्या हाडाखाली हात फिरवून पाहिला, पेसमेकरचं कार्ड मागितलं, तरी उलगडा होतो.

संथ लय आणि खंड

पट्टीत अचानक खंड पडला की 'ब्लॉक' (आवेगाची वाट अडणं) हा शब्द चटकन तोंडावर येतो. खंडाचं सर्वांत नेहमीचं कारण त्याहून साधं आहे: अवेळी आलेली अलिंदाची पी, जी इतकी लवकर येते की एव्ही नोड अजून सावरलेला नसतो. ती खाली पोचत नाही, आणि साइनस नोडची घडी मात्र विस्कटते. खंडाच्या लगेच आधीची टी शेजारच्या टींशी ताडून पाहा. तिच्यावर उंचवटा असेल तर उत्तर मिळालं, आणि पेसमेकरची चर्चा तिथेच थांबली.

पी वेळेवर येतायत, पीआर कायम आहे, आणि तरी एखादा क्यूआरएस न सांगता गळतो: ही मोबिट्झ २, ब्लॉकचा दुसरा प्रकार. दोष बहुधा नोडच्या खाली असतो, क्यूआरएस सहसा रुंद असतो, आणि पूर्ण ब्लॉक होण्याची भीती खरी असते. दर दुसरी पी अडत असेल, तर पीआर लांबतोय की कायम आहे हे कळायला सलग दोन पी खाली पोचलेल्या दिसतच नाहीत. तेव्हा १ (वेंकेबाख) किंवा २ असा शिक्का न मारता 'दोनास एक ब्लॉक' असंच लिहा आणि लांब पट्टी काढा; एखादी जागा अशी मिळते जिथे प्रमाण बदलतं आणि प्रकार कळतो.

पूर्ण ब्लॉकमध्ये पी आपल्या चालीने, क्यूआरएस आपल्या चालीने, आणि पींची संख्या जास्त. नोडजवळून बदली ठोके निघाले तर ते ४० ते ६० आणि क्यूआरएस अरुंद. खालून निघाले तर २० ते ४० आणि रुंद. फसगत होते ती फिब्रिलेशनच्या जुन्या रुग्णात. त्याला पी नसतेच, त्यामुळे फारकत दाखवायला काही उरत नाही. ज्याची नाडी वर्षानुवर्षं अनियमित होती तिची चाल अचानक संथ आणि घड्याळासारखी नियमित झाली, तर 'लय सुधारली' म्हणून आनंद मानू नका. एव्ही नोड पूर्ण बंद झाल्याची ती खूण असू शकते. डिगॉक्सिन चालू असेल तर त्याची पातळी आणि पोटॅशियम त्याच दिवशी बघा.

नाव सापडलंच नाही तर

नाव न लिहिता वर्णन लिहा: 'अरुंद, नियमित, १४८, पी निश्चित दिसत नाही, व्ही१ मध्ये क्यूआरएसच्या शेवटी उंचवटा.' अशी नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी, कारण पुढच्या माणसाला ती विचार करू देते. सोबत जुना ईसीजी, चालू औषधं, पोटॅशियम-मॅग्नेशियम आणि पट्टी काढली तेव्हाचा रक्तदाब जोडा. पट्टीवर वेळ हाताने लिहा. यंत्रातलं घड्याळ कित्येकदा चुकलेलं असतं.

यंत्राची ओळ वाचायची ती या सगळ्यानंतर. तोवर कागदाचा माथा दुमडून ठेवा. अंतरं आणि रुंदी मोजण्यात यंत्र चांगलं असतं, लय ओळखण्यात कमी, आणि पी बारीक असेल, खडखडाट असेल किंवा पेसमेकर असेल तर बरंच कमी. तुमचं आणि त्याचं जुळलं नाही तर पुन्हा एकदा व्ही१ आणि टी लहरी बघा. कधीकधी तुमच्या नजरेतून सुटलेली पी त्याने पकडलेली असते. तरीही शंका राहिली तर १२ लीडचा ईसीजी थोड्या वेळाने पुन्हा काढा आणि दोन्ही कागद एकत्र वरिष्ठांपुढे ठेवा.